हातोडा उचलण्याआधीचे अडीच महिने

"ताई, फ्रिज कुठे येणार?"

घर नव्याने करून घेण्यासाठी बोलावलेल्या कंत्राटदारदादांनी घरात आल्यावर विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. टाइल्सचा रंग ठरला होता, कपाटांची दारं कशी हवीत याचे फोटो मोबाइलमध्ये साठवलेले होते. फ्रिज मात्र "इथेच कुठेतरी" होता. मग त्यांनी विचारलं, की ओट्यासमोर सगळ्यात जास्त वेळ कोण उभं राहतं, त्यांची उंची किती, धुतलेली भांडी कोणत्या बाजूला ठेवता, गीझर बाथरूमच्या आत की बाहेर. चार प्रश्नांनंतर त्यांनी टेप परत खिशात ठेवला. म्हणाले, "आज मोजत नाही. आठवडाभर घर कसं चालतं ते बघा, लिहून काढा, मग बोलवा."

मला त्यांचा जरा राग आला होता. काम मागायला आलेला माणूस आपल्यालाच गृहपाठ देऊन जातो, याची सवय नव्हती. पण या माणसाला काम द्यायचं, हे मनाने त्याच दिवशी ठरवलं असावं.

त्यामागे एक जुनी जखम होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही फक्त बाथरूम नवीन करून घेतलं होतं. तेव्हाच्या कंत्राटदाराचं कोटेशन एका ओळीचं होतं, "बाथरूमचं पूर्ण काम, मालासकट." आम्ही 'पूर्ण' या शब्दावर विश्वास ठेवला. काम बारा दिवसांत झालं, दिसायला सुरेख झालं, आणि सात महिन्यांनी मागच्या खोलीच्या भिंतीचा रंग फुगून पोपडे सुटायला लागले. वॉटरप्रूफिंग केलं होतं का? केलं होतं म्हणे. कशाचं, किती हात, भिंतीवर किती उंचीपर्यंत, पाणी भरून तपासलं होतं का, यातलं काहीच कागदावर नव्हतं. त्यामुळे विचारायचं तरी कशाच्या आधारावर? पुढे फोन उचलणंही बंद झालं. यावेळी स्वयंपाकघर, तेच बाथरूम आणि सगळ्या घराचं वायरिंग असं मोठं काम होतं. ते 'पूर्ण' या शब्दावर सोपवायचं नाही, एवढं पक्कं होतं.

आठवडाभर मी वही घेऊन घरात वावरले. आई डावखुरी आहे, हे मला जन्मापासून माहीत आहे. पण आमचं स्वयंपाकघर उजव्या हाताच्या माणसासाठी बांधलेलं आहे, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा दिसलं. उजव्या हाताने घासणारा माणूस भांडं डाव्या हातात धरतो आणि धुऊन डावीकडे ठेवतो. निथळायची जाळी म्हणून सिंकच्या डावीकडे. आई प्रत्येक भांडं धुऊन उजव्या हातातून डावीकडे ओलांडून नेत होती, आणि कोपरावरून पाणी गळत होतं. तीस वर्षं. तिने कधी तक्रार केली नव्हती, कारण यात बदलण्यासारखं काही आहे असं तिलाही वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी वहीत दुसरं काही लिहिलं नाही.

उंचीचंही तसंच. ओटा साधारण 85 ते 90 सेंटीमीटर उंच करतात. पण उभ्याने चिरायचं, ढवळायचं असेल तर ओटा कोपराच्या उंचीपेक्षा 10 ते 15 सेंटीमीटर खाली असला तर खांदे उचलावे लागत नाहीत. आईचं कोपर जमिनीपासून 92 सेंटीमीटरवर, म्हणजे तिला ओटा 80 च्या आसपास हवा. शेगडीवर भांडं ठेवलं की उंची आणखी वाढते, त्यामुळे शेगडीची बाजू खाली असलेली बरी. सिंकचं मात्र उलट आहे. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी जातात, म्हणून ती बाजू उंच असली तर कंबर वाकत नाही. हे सगळं मांडल्यावर दादांनी ओटा दोन पातळ्यांवर करायचं सुचवलं, शेगडीकडे 80 आणि सिंककडे 87. दगडाच्या कडेला एक जोड वाढणार होता, खर्चही थोडा. आई म्हणाली, "माझ्यासाठी कशाला एवढं." तिच्यासाठीच, असं मी वहीत लिहून टाकलं.

दर मात्र आम्ही दादांसकट तिघांकडून मागवले, आणि तिथे पुरता गोंधळ झाला. एकाने चौरस फुटावर दर दिला, दुसऱ्याने एकरकमी आकडा, तिसऱ्याने चार पानं तपशील, पण त्यात टाइल्स आणि नळ नव्हतेच. तीन आकडे शेजारी ठेवून काहीही कळत नव्हतं, आणि तरी नजर सर्वांत लहान आकड्याकडेच जात होती. शेवटी भावाने आणि मी बसून आमचाच तक्ता तयार केला. कामाचं नाव, माप, माल कोण आणणार, कोणत्या प्रतीचा, आणि त्या ओळीत काय काय धरलंय. तोच कोरा तक्ता तिघांना दिला. भरून आल्यावर सगळ्यात स्वस्त वाटलेल्या कोटेशनमध्ये राडारोडा उचलणं नव्हतं, जुन्या टाइल्स काढणं नव्हतं, आणि कपाटांचा दर 'रनिंग फुटा'वर होता, म्हणजे लांबी मोजायची आणि उंची सोडून द्यायची. उंची वाढली की 'एक्स्ट्रा'. या सगळ्याची बेरीज केली तर तो स्वस्त आकडा मधल्या आकड्याच्याही पुढे गेला. यात फसवणूक होती असं मी म्हणणार नाही. आम्ही मोघम विचारलं होतं, उत्तरही मोघम आलं होतं.

तक्त्यातल्या 'प्रतीचा' या रकान्यासाठी मला बरंच शिकावं लागलं. सिंकखालच्या कपाटाला साधं प्लायवूड चालत नाही, उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकणारं, बीडब्ल्यूपी प्रतीचं लागतं. नुसतं 'चांगलं प्लाय' असं लिहिलं तर ते कोणतंही असू शकतं. टाइल्स मोजलेल्या क्षेत्रापेक्षा किमान दहा टक्के जास्त घ्यायच्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना ते बघायचं, कारण पुढच्या बॅचचा रंग किंचित बदलतो.

तिघांचीही जुनी कामं बघायला गेलो. नुकतं झालेलं घर कोणीही हौसेने दाखवतं. आम्ही दोन-तीन वर्षं वापरात असलेली घरं मागितली. तिथे बाथरूमच्या कोपऱ्यातले सांधे बघितले, सिंकखालचं कपाट उघडून आतला वास घेतला, दारं पूर्ण मिटतात का ते पाहिलं. एका घरच्या आजींनी विचारलं नसतानाच सांगितलं, "बोलावलं की येतो तो." ते दादांबद्दल होतं. माझ्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता.

आता भिंतीबद्दल. मला स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत नको होती, फार वर्षांपासून नको होती. तिघांपैकी एकाने भिंतीवर टकटक करून "पाडू की, दीड दिवसाचं काम" असं सांगितलंही. दादा म्हणाले, "मी पाडणार नाही आणि पाडू नका असंही सांगणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा." इंजिनियर आले, भिंतीची जाडी मोजली, 23 सेंटीमीटर. वर बीम नव्हती, स्लॅब थेट त्याच भिंतीवर टेकलेला होता, आणि वरच्या मजल्यावर बरोबर तिच्यावरच दुसरी भिंत उभी होती. म्हणजे ती नुसता आडोसा नव्हती, वरचं वजन तोलून धरत होती. ती काढायची तर आधी स्लॅबला तात्पुरते टेकू, मग लोखंडी तुळई, आणि इमारतीतल्या सगळ्यांची संमती. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "तुम्हाला भिंत का नकोय?" अंधार, मी म्हटलं. त्यांनी वर बोट दाखवलं. खिडकीच्या वरच्या भागावर आडवा आलेला माळा होता. निम्मा उजेड तोच अडवत होता, आणि त्यावर काय ठेवलंय हे घरातल्या कोणालाच सांगता आलं नाही. भिंत राहिली, माळा गेला. इंजिनियरच्या एका भेटीला दिलेले पैसे हा या सगळ्या कामातला माझ्या मते सर्वांत सार्थकी लागलेला खर्च आहे.

करार तीन पानांचा झाला. दादांना इतकं लिहिण्याची सवय नव्हती, पण त्यांनी प्रत्येक ओळ वाचली आणि दोन ओळी स्वतः घातल्या. एक म्हणजे पाणी, वीज आणि सामान ठेवायला बंद खोली आम्ही देऊ. दुसरी, नळ, कमोड, सिंक, शेगडी ही निवड आम्ही अमुक तारखेच्या आत करू, नाहीतर कामाचे दिवस तितके वाढतील. दुसरी ओळ मला आधी जाचक वाटली, पण तिच्यामागचं कारण कळल्यावर पटली. भिंतीत बसणाऱ्या नळाचा मूळ भाग गिलाव्याच्या आधीच बसवावा लागतो, आणि तो भिंतीत किती आत बसतो, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. कमोडच्या ड्रेनेजचं भोक भिंतीपासून किती अंतरावर, हे मॉडेल ठरल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते अंतर मोजायचं तयार भिंतीपासून, म्हणजे गिलावा आणि टाइलची जाडी धरून. नळ शेवटी लागतो म्हणून निवड शेवटी करायची, असा माझा समज होता.

पैसे तारखेवर नाही, टप्प्यावर ठरले. सुरुवातीला दहा टक्के, तोडफोड आणि राडारोडा निघाल्यावर पुढचा हप्ता, पाइपांची चाचणी झाल्यावर त्यापुढचा, असं. शेवटचे पाच टक्के काम संपल्यानंतर दोन महिन्यांनी. मधे कोणताही बदल करायचा तर तो लिहायचा, पैसे आणि दिवस दोन्ही लिहायचे, आणि दोघांनी सही केल्यावरच हात लावायचा. आम्ही आमच्यापुरती पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवली होती. जुन्या भिंतीत काय निघेल ते भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे आतून गंजून निम्मे बुजलेले लोखंडी पाइप निघाले, सगळे बदलावे लागले, आणि त्या पंधरातले अकरा टक्के तिथेच गेले.

अडीच महिने अशी तयारी झाली आणि मग काम सात आठवड्यांत झालं. कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, धूळ आणि आवाज सगळ्यांकडे सारखाच. दोन गोष्टी मात्र सांगते.

पाइप आणि वायरिंग बुजवण्याआधी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, भिंतीला टेप लावून, म्हणजे कोपऱ्यापासून आणि जमिनीपासूनचं अंतर फोटोत वाचता येईल. महिन्याभरातच आरसा टांगताना ते कामाला आले. ड्रिल जिथे लावणार होतो, तिथून चार सेंटीमीटरवर गरम पाण्याचा पाइप होता.

दुसरी गोष्ट बाथरूमची. करारात लिहिलं होतं, वॉटरप्रूफिंग भिंतीवर 30 सेंटीमीटरपर्यंत आणि शॉवरच्या भिंतीला 2 मीटरपर्यंत, नंतर ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून पाणी भरायचं आणि 48 तास ठेवायचं. पाणी भरलं, पातळीवर पेन्सिलने रेघ मारली. टाइल्स लावणारा कारागीर दुसऱ्याच दिवशी मोकळा होता, नंतर तो दहा दिवस दुसऱ्या कामावर जाणार होता. म्हणाला, "कालपासून काही उतरलं नाही, लावून टाकू." मी दादांकडे बघितलं. त्यांचंही नुकसान होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "अठ्ठेचाळीस लिहिलंय," ते म्हणाले, आणि कारागिराला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांच्या छताला रुपयाएवढा ओला डाग पडला होता. वर पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलेलं. ट्रॅपच्या कडेला केसाएवढी फट होती. ती मोकळी करून पुन्हा भरली, पुन्हा हात दिले, वाळू दिलं, पुन्हा पाणी, पुन्हा 48 तास. यावेळी रेघ जागच्या जागी राहिली. कारागीर दहा दिवसांनी आला. ते दहा दिवस आम्ही शेजारच्यांच्या बाथरूममध्ये आंघोळी केल्या, आणि काकूंना मी रोज एकदा विचारून यायचे.

काम संपलं त्या दिवशी दादा आणि मी हातात यादी घेऊन खोलीखोली फिरलो. दार घासतंय, एका टाइलचा कोपरा वाजतो म्हणजे खाली पोकळ आहे, एक स्विच उलटा बसलाय, अशा तेवीस गोष्टी निघाल्या. आई मागून चालत होती. चोविसावी तिने सांगितली, जाळीच्या वरचं कपाट उघडलं की दाराचा कोपरा डोक्याला लागतो. ते कोणाच्याच नकाशात आलं नव्हतं. दादांनी बिजागरी बदलून दार वर उघडणारं करून दिलं.

तेवीसपैकी एकवीस झाल्या आहेत. एक खण अजून अडकतो, बाल्कनीच्या उंबऱ्याला पॉलिश राहिलंय. शेवटचे पाच टक्के माझ्याकडे आहेत. पुढच्या आठवड्यात ते येणार आहेत.