आत्याचा बटणांचा फोन

गेल्या मे महिन्यात लांज्याजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा आत्याने तिचा स्मार्टफोन मला परत दिला. तो तिने जुन्या रुमालात नीट गुंडाळून ठेवला होता आणि त्यावरून चार्जरच्या वायरचे दोन वेढे घातले होते. "फोन चांगला आहे गो, पण माझं बोट त्याला कळत नाही," एवढेच ती म्हणाली. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. स्मार्टफोनची काच बोटाचा दाब ओळखत नाही, ती त्वचेतून होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखते. ज्या बोटांनी साठ वर्षे चूल सारवली, आमसुलांसाठी रातांबे फोडले आणि राखेने भांडी घासली, त्या कोरड्या, राठ बोटांचा स्पर्श काचेला अनेकदा जाणवतच नाही. दोन वर्षे आम्ही सगळे तिला "नीट दाब, हळू दाब" असे सांगत राहिलो आणि चूक आपलीच आहे असे ती समजत राहिली, याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून तिच्यासाठी बटणांचा फोन आणायचे ठरवले. असा फोन "साधा" म्हणून विकला जातो आणि घरी आणला की काम झाले असे आपल्याला वाटते. माझाही समज तसाच होता. प्रत्यक्षात तो आत्यापुरता साधा होण्यासाठी मला चार दिवस तिच्या शेजारी पडवीत बसावे लागले आणि त्या चार दिवसांत फोनमध्ये भर घालण्यापेक्षा बंद करण्याचेच काम अधिक निघाले.

विकत घेताना एक गोष्ट आधी पाहावी लागते, ती म्हणजे सिम कोणते आहे आणि फोन २जीचा आहे की ४जीचा. बटणांचे बरेच स्वस्त फोन केवळ २जीवर चालतात आणि जिओच्या जाळ्यात २जी नाहीच, त्यामुळे ते सिम अशा फोनमध्ये घातले तर रेंजची एकही रेघ येत नाही. मी ४जीचा घेतला. दुसरा प्रश्न सिमच्या आकाराचा होता. स्मार्टफोनमधले नॅनो सिम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे असते आणि या फोनमधली खाच मोठ्या सिमची होती. त्यासाठी प्लॅस्टिकची चौकट मिळते. सिम त्या चौकटीत घट्ट बसवूनच आत सरकवावे, कारण रिकामी चौकट आत गेली तर बाहेर काढताना आतल्या धातूच्या पट्ट्या वाकतात.

सिम बसले, रेंज आली, पण नावांची यादी कोरी होती. जुन्या फोनमधली सगळी नावे फोनच्या खात्यात साठवलेली होती, सिमवर एकही नव्हते. सुरुवातीला मी हिरमुसले. जुन्या फोनमध्ये १४३ नावे होती आणि ती एकेक करून भरायची म्हणजे दोन दिवसांचे काम होते. मग मी आत्यालाच विचारले, "तू फोन कुणाकुणाला करतेस?" तिने डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजले आणि अकरा माणसे सांगितली. त्यात दोन भाचे, मुंबईची नणंद, लांज्याचे डॉक्टर, दळण आणून देणारा बाळू, वाडीतली काकी आणि मी होतो. बाकीची १३२ नावे मी भरलीच नाहीत. आमच्यापैकी कुणी कधी तरी "असू दे" म्हणून टाकलेल्या त्या नावांच्या गर्दीत तिला हवे असलेले नाव दोन वर्षे सापडत नव्हते, हे मला तेव्हा उमगले.

नावे मी देवनागरीत लिहिली आणि ती हाक मारते त्याच शब्दांत लिहिली. डॉक्टरांचे आडनाव ती कधीच घेत नाही, म्हणून तिथे "डाक्टर" एवढेच आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनवर राज्यघटनेतील सर्व २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे, असे भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे. ते २०१६ मध्ये आले. त्याचा लाभ चौथी शिकलेल्या आत्याला कसा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले. फोन वाजला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत "बाळू" उमटले, तेव्हा तिने चष्मा न लावता ते वाचले आणि उचलण्याआधीच "दळण झालं वाटतं" असे म्हणाली. बटणांवरून मराठी लिहिणे मात्र कष्टाचे असते. एकेका बटणावर एकेक वर्ग बसवलेला असतो आणि "काकी" लिहायलाही काना आणि वेलांटी दोन्ही शोधाव्या लागतात. आत्या संदेश पाठवणार नाही, त्यामुळे तो भाग मी सोडून दिला. कुणाला पाठवायचे असतील तर एवढे ध्यानात असावे की, इंग्रजी अक्षरांच्या एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीच्या एका संदेशात ७०च मावतात आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात.

खरा वेळ गेला तो बटण दाबून धरण्यात. यादी उघडून नाव शोधण्यापेक्षा २ चा आकडा दाबून धरला की मला फोन लागावा, ३ दाबून धरला की मोठ्या भाच्याला, ४ वर काकी आणि ६ वर डॉक्टर, अशी व्यवस्था मी केली. १ चे बटण व्हॉइसमेलसाठी राखलेले असते. ५ आणि ९ मी मुद्दाम रिकामे ठेवले, कारण २०१७ पासून आपल्याकडच्या बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरल्यास मदतीसाठी ११२ ला फोन लागण्याची सोय ठेवणे बंधनकारक आहे. ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो. अंधारात चाचपडतानाही तो अंगठ्याला लागतो आणि त्याच्याभोवती बाकीचे आकडे कुठे आहेत ते कळते. मी आत्याचा अंगठा त्या उंचवट्यावर ठेवला, तेव्हा "हा तीळ आहे होय" असे ती म्हणाली आणि पुढे आमच्या बोलण्यात त्याचे नाव तीळच पडले. तिळाच्या डोक्यावर मी आहे, तिळाच्या डाव्या हाताला काकी आणि उजव्या हाताला डॉक्टर.

पण तिचे बोट बटणावर थांबेना. तापलेल्या तव्याला हात लागावा तसे ती बटणाला स्पर्श करून लगेच बोट उचलत असे, कारण काचेच्या फोनवर जास्त वेळ बोट ठेवले की भलतेच काही उघडते, हे ती दोन वर्षांत शिकली होती. "तीन सेकंद दाब" या सांगण्याला तिच्या लेखी काही अर्थ नव्हता. शेवटी मी म्हटले, "आत्या, बटण दाब आणि मनातल्या मनात एकदा 'राम कृष्ण हरी' म्हण. म्हणून झालं की बोट उचल." तिने डोळे मिटले, ओठ हलले आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजू लागला. समोर बसून आम्ही दोघी एकमेकींशी फोनवर बोललो. हे त्या दिवशी तिने पाच वेळा केले.

मी पुण्याला परतले आणि आठवड्याभरात तिचा फोन लागेना, म्हणजे लागे, वाजून वाजून बंद होई, पण ती उचलत नसे. पहिल्या दिवशी वाटले की ती बागेत गेली असेल. दुसऱ्या दिवशी काळजी वाटली आणि मी काकीला फोन करून तिच्या घरी पाठवले. आत्या सुखरूप होती, माझा फोन का येत नाही म्हणून उलट तीच रुसली होती. फोन मूक झाला होता. अशा बऱ्याच फोनमध्ये # चे बटण दाबून धरले की आवाज पूर्ण बंद होतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात काट मारलेली इवलीशी घंटा दिसते, एवढाच काय तो फरक. आत्या रोज तिन्हीसांजेला दिवा लावण्यापूर्वी देवांच्या चौरंगाबरोबर फोनही पदराने पुसत असे आणि पुसताना # दाबला जात असे. दाबून धरायचे शिकवले होते ते मीच, फक्त कोणते बटण धरायचे नाही हे सांगायचे राहून गेले होते.

यावर उपाय म्हणजे बटणांना आपोआप कुलूप लागणे. ते मी सुरुवातीला जाणूनबुजून बंद ठेवले होते, कारण ते उघडायला आधी डावे बटण आणि लगेच * दाबावे लागते आणि तेवढ्याने ती गोंधळेल अशी मला भीती होती. जूनमध्ये पुन्हा जाऊन ते चालू केले. माझी भीती निराधार ठरली. येणारा फोन घ्यायला कुलूप उघडावे लागत नाही, हिरवे बटण पुरते, आणि आत्याला दिवसातून येणाऱ्या फोनांच्या मानाने ती स्वतः करते ते फोन फारच थोडे असतात. जे करते त्यांच्यासाठी "आधी कडी, मग तारा" हे तिने दोन दिवसांत पाठ केले. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फोन लावून देणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, त्यांना जमणार नाही असे आपणच ठरवून सोय बंद करण्याआधी एकदा त्यांच्याकडून ती करवून पाहा.

ज्या गोष्टी मी बंद केल्या त्या बंदच ठेवायच्या होत्या. सिमच्या मेनूतून मधूनच पडद्यावर येणाऱ्या जाहिराती मी थांबवल्या, कारण पडद्यावर काही आले की "बरं" म्हणावे तसे ती मधले बटण दाबते आणि नकळत एखादी पैशांची सेवा सुरू होऊ शकते. १९०९ या क्रमांकावरून व्यापारी फोन आणि संदेशही बंद करून घेतले. संदेशांची पेटी भरली की नवा संदेश येत नाही, आणि बँकेचा ओटीपीचा आकडाही संदेशानेच येत असल्यामुळे ही पेटी रिकामी करण्याचे काम मी दर खेपेला करते. बटणांच्या फोनवरून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३पे ही सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आणली. ती उपयोगाची आहे, पण आत्याचे पैशांचे व्यवहार महिन्यातून एकदा बँकेत जाऊन होतात, तिला तेच आवडते, म्हणून ती सुरू केली नाही. फोनवर कुणी आलेला आकडा विचारला तर लाल बटण दाबायचे, मग तो साहेब असो की पोलीस, एवढे मात्र तिच्याकडून वदवून घेतले.

रिचार्जच्या बाबतीत पूर्वी आम्ही तिच्या नावावर दर महिन्याला डेटाचे पैसे भरत होतो आणि तो डेटा कुणीच वापरत नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ बोलणे आणि संदेश यांसाठीचा किमान एक प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली. हा निर्णय आमच्यासारख्या घरांसाठी फार मोलाचा आहे. आता मुदत संपण्याची तारीख आत्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीच्या खुणेशेजारी तांबड्या पेन्सिलीने लिहिलेली असते.

चार्जरची गंमत राहिली. त्याचे टोक उलटे जात नाही आणि सुलटी बाजू कोणती ते तिला दिसत नाही. फोनवर आणि टोकावर समोरासमोर नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका दिला. "कुंकू लाव की," असे ती म्हणाली होती, पण ते पुसले गेले असते. पहिल्यांदा आठ तास चार्ज करा असे दुकानदाराने बजावले होते, त्याची गरज नसते. तो नियम जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांचा आहे, आताच्या लिथियम बॅटरीला तसे काही लागत नाही. एकदा भरली की तिला ती चार दिवस जाते आणि पावसाळ्यात वीज दोन दोन दिवस नसते तेव्हा हे चार दिवस फार मोठे वाटतात.

फोन कुठे ठेवायचा हे तिनेच ठरवले. आमच्या घरात रेंज फक्त पडवीच्या पूर्वेकडच्या खांबापाशी येते. त्या खांबाच्या खुंटीला तिने स्वतः विणलेली लोकरीची पिशवी अडकवली आणि फोनला ती जागा दिली, जशी पूर्वी ओटीवरच्या काळ्या फोनला होती. पिशवीत फोनबरोबर एक शाळेची वही असते. तिच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत अकरा क्रमांक लिहून ठेवले आहेत आणि शेवटच्या पानावर *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख पटवणारा क्रमांक लिहिला आहे. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो याच क्रमांकाने बंद करता येतो.

रोज सातच्या सुमारास माझा फोन एकदा वाजतो आणि थांबतो. येणाऱ्या फोनचे पैसे २००३ मध्येच बंद झाले आणि तिच्या प्लॅनमध्ये जाणारे फोनही कितीही करता येतात, हे मी तिला सांगितले आहे. तरी ती एकच घंटा देते, कारण तिच्या दृष्टीने तो फोन नसतो, दिवा लागल्याचा निरोप असतो. मग मी फोन लावते. काल ती म्हणाली की डाक्टरांनी नंबर बदलला आहे, बाळूकडून तिने तो वहीत उतरवून घेतला आहे आणि गणपतीला येशील तेव्हा तिळाच्या उजव्या हाताला तो नवा घाल.