‘वावर’ खोडून ‘शेत’

रविवार, रात्री साडेदहा

तालुक्यातल्या शालेय वार्षिकांकांचं परीक्षण यंदा माझ्या गळ्यात पडलं. बारा अंक आणि सोबत शंभर गुणांचा तक्ता: मुखपृष्ठ २०, मांडणी २०, मजकूर ४०, शुद्धलेखन २०. दुपारची जेवणं उरकून बसले ती आत्ता उठतेय.

सात मुखपृष्ठांवर उगवता सूर्य आणि उघडं पुस्तक. आत अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचं मनोगत, मुख्याध्यापकांचं मनोगत. एका अंकात मुलांनी लिहिलेलं पहिलं वाक्य अकराव्या पानावर भेटलं! सगळ्यात देखणा अंक आर्ट पेपरवर, चार रंगांत. पण गर्द निळ्यावर जांभळी अक्षरं. कविता वाचायला अंक दिव्याखाली तिरका धरावा लागला. शिवाय फॉन्ट बदलताना रफार गळालेले. ‘मार्गदर्शक’चं ‘मागदशक’ झालंय, तेही शीर्षकात. डीटीपीवाल्याला कशाला बोल लावायचा, छपाईआधी कागदावर प्रूफ कुणी वाचलंच नसणार.

मजकुराला गुण देताना मी तक्त्याबाहेरचा एक प्रश्न लावला. शाळेचं नाव झाकलं तर हे पान दुसऱ्या शाळेच्या अंकात खपेल का? ‘माझी आई’ खपते. ‘मोबाईल: शाप की वरदान’ तर कुठेही खपतं.

मग हाताला तो अठ्ठावीस पानांचा, काळा-पांढरा अंक लागला. एक पिन निघालेली. आठवीतल्या मुलीचा लेख: केळीची गाडी भरताना. घड कोण कापतं, कोण वाहतं, थरांमध्ये पाला कसा घालतात, काट्याजवळ उभ्या वडिलांची नजर कशी हलत नाही. गेल्या जूनच्या वादळात बाग आडवी झाली, तेव्हा ‘वडील दोन दिवस वावरात गेलेच नाहीत’, एवढंच एक वाक्य. पुढे थेट कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायच्या केळीच्या, लागवडीचा हिशोब.

असा लेख आणि त्याचं काय केलंय? अर्धा पान १९ वर, ‘उर्वरित पान २७ वर’, आणि तिथे जाहिरातीखाली मुंगीएवढ्या टायपात कोंबलेला. मांडणीला ७ दिले. साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक हाताने लिहून काढायचे, हे मलाही ठाऊक आहे. साधेपणाला माझी ना नाही. पण वाचणाऱ्याला आठ पानं उलटायला लावणं हा साधेपणा नव्हे, हयगय आहे. मजकुराला मात्र ३७.

शुद्धलेखनाच्या रकान्याशी आले आणि लाल पेन ‘वावरा’वर टेकलं. तिथेच थांबलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या अंकाची संपादक मी होते. एका मुलाच्या लेखातलं ‘वावर’ खोडून मी ‘शेत’ केलं, ‘माय’ची ‘आई’ केली, वाक्यं घासूनपुसून लखलखीत केली. प्रकाशनाच्या दिवशी तो दोनदा पानं चाळून माझ्याकडे आला.

“बाई, माझा लेख कुठंय?”

लेख त्याच्या हातातल्या उघड्या पानावरच होता. खाली नावही होतं.

या अंकाला शुद्धलेखनाचे १८ दिले. दोन कापले ते मुखपृष्ठामागच्या ‘हार्दीक शुभेच्छां’साठी.