टक्

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजात परवा दुपारी माझ्या गाडीचा नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारी जुनी पद्मिनी, डॅशबोर्डखालचा एसीचा डबा उघडा. मेकॅनिकने हवा गार करणाऱ्या कॉइलच्या पत्र्यांतून एक बारीक तांब्याची नळी ओढून काढली. "हाच याचा मेंदू, साहेब."

मेंदू तसा बेताचाच. नळीत गॅस कोंडलेला. कॉइल गार पडली की त्याचा दाब उतरतो, स्विच सुटतो आणि गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच टक् करून मोकळा होतो. कॉइल तापली की पुन्हा टक्. बटण फिरवून ठरायचं ते इतकंच, की कॉइलने किती गार झाल्यावर थांबायचं. नाहीतर तिच्यावर बर्फ धरायचा. मागच्या सीटवर कोण घामाघूम झालंय, याच्याशी त्या नळीला काही देणंघेणं नाही.

मामांनी गाडीत असाच एसी बसवून घेतला होता. बटणावर आकडे नव्हतेच, नुसता रुंद होत गेलेला निळा पट्टा. मामी म्हणायची, "अहो, कमी करा ना जरा, कान गारठले." मामा बटणाला नुसता हात लावायचे, फिरवायचे नाहीत. तेवढ्यात क्लच आपसूक सुटायचा आणि मामी म्हणायची, "हां, आता कसं!" मागे आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. कसारा घाट लागला की मात्र एसी बंद, काचा खाली. याला अपील नव्हतं.

1940 च्या पॅकार्डमध्ये, म्हणजे कारखान्यातूनच एसी लागून आलेल्या पहिल्या गाडीत, क्लचही नव्हता. कॉम्प्रेसर थांबवायचा तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा काढून ठेवा. मामीला घेऊन ती गाडी ओझरपर्यंतसुद्धा पोचली नसती. आकडा लावा आणि विसरा, ही चैन 1964 च्या कॅडिलॅकने आणली. गार हवेत हिटरची गरम हवा मिसळून ती तापमान आपोआप सांभाळायची.

माझ्याही गाडीत आता आकडा आहे. मी 24 लावतो, बायको 26 करते. घाटात मी अजून एसी बंद करतो. "आताच्या इंजिनाला काही फरक पडत नाही, बाबा," मुलगी म्हणते. नसेल पडत. इगतपुरीच्या आधी काच खाली केली नाही, तर घाट चढलो असं मला वाटतच नाही.