एएचसीआय ड्रायव्हर: उशिरा आलेल्या सेक्टरने कर्नल पाडला

मागच्या नोंदीपर्यंत माझ्या कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) एएचसीआय ड्रायव्हर, म्हणजे साटा डिस्कच्या कंट्रोलरशी बोलणारा कोड, क्यूएमू या एम्युलेटरमध्ये बिनतक्रार सेक्टर वाचत होता. तोच कर्नल खऱ्या मशीनवर चढवला, तर बूट झाल्यावर काही सेकंदांत कोसळायला लागला. दर वेळी जागा वेगळी: कधी शेड्युलर, कधी कीबोर्डचा कोड. डिस्कच्या कोडमध्ये मात्र एकदाही नाही.

पहिले दोन दिवस चुकीच्या रजिस्टरपायी गेले. सीरियल पोर्टवरच्या डंपमध्ये मी प्रोसेसरच्या सीआर२ या रजिस्टरमधला पत्ता धरून बसले होते. पण अपवाद (प्रोसेसरने उठवलेली चूक) होता १३ नंबरचा, जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. प्रोसेसर सीआर२ भरतो तो फक्त १४ नंबरच्या पेज फॉल्टला. मला दिसत होतं ते आधीचं शिळं मूल्य. आता अपवाद १४ नसेल तर माझा डंप सीआर२ छापतच नाही. तुम्हीही हे आजच करून टाका.

मग नजर आरबीएक्स या दुसऱ्या रजिस्टरवर गेली. त्यात हेक्समध्ये ५४५२४१५०२०४९४६४५ होतं. हा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असूच शकत नाही: वरचे बिट नियमात बसत नाहीत, म्हणून तर १३ नंबर. शिवाय सगळे बाइट आस्कीच्या छापता येणाऱ्या अक्षरांतले. खालचा बाइट आधी घेऊन वाचलं: ४५ ४६ ४९ २० ५० ४१ ५२ ५४. म्हणजे ‘ईएफआय पार्ट’. जीपीटी या पार्टिशन तक्त्याच्या हेडरची खूण, जी डिस्कवर एलबीए १ च्या, म्हणजे दुसऱ्या सेक्टरच्या, अगदी सुरुवातीला असते! अंगावर काटा आला. डिस्कवरचा मजकूर शेड्युलरच्या स्टॅकवर पोचला कसा?

पार्टिशन वाचणाऱ्या फंक्शनचा १०२४ बाइटांचा बफर त्याच्या स्वतःच्या स्टॅकवर होता आणि त्याचाच फिजिकल पत्ता मी पीआरडीटीत (डेटा मेमरीत कुठे उतरवायचा ते कंट्रोलरला सांगणाऱ्या तक्त्यात) देत होते. उत्तराची वाट बघायची ५०० मिलिसेकंद. क्यूएमू लगेच उत्तर देतो, पण खरी फिरती डिस्क वेग घेऊन तयार व्हायलाच काही सेकंद लावते. तोवर माझं फंक्शन एरर देऊन मोकळं झालेलं. कंट्रोलरला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सीआय या कंट्रोलरच्या रजिस्टरमधला, कमांड अजून बाकी असल्याचं सांगणारा बिट तसाच चालू. डिस्क तयार झाल्यावर कंट्रोलरने इमानेइतबारे दोन सेक्टर त्याच पत्त्यावर उतरवले, आणि तिथे आता दुसऱ्याच कुणाची फ्रेम (स्टॅकवरची जागा) होती.

खात्री करायला क्यूएमूमध्ये वाट बघण्याची मर्यादा शून्यावर आणली. तिथेही लगेच कोसळला. मग स्टॅकऐवजी वेगळं पान दिलं, टाइमआउट होताच ते ५५ ने भरलं आणि पाच सेकंदांनी तपासलं. ५१२व्या बाइटपासून तीच खूण बसलेली.

नुसती मर्यादा वाढवली असती तरी क्रॅश दिसेनासा झाला असता. पण मला तो दडपायचा नव्हता. आता टाइमआउट झाला की आधी पोर्टचा एसटी (कमांड चालवणं सुरू ठेवणारा) बिट शून्य करते, त्याच पोर्टचा सीआर (कमांड अजून चालू असल्याचं सांगणारा) बिट शून्य होईपर्यंत थांबते (स्पेसिफिकेशनप्रमाणे ५०० मिलिसेकंदांपर्यंत), तरी नाही झाला तर कॉमरिसेट (पोर्ट रिसेट करणारा संकेत), आणि मगच बफर सोडते. बफर आता डीएमएसाठी (कंट्रोलरने थेट मेमरीत लिहिण्यासाठी) राखलेल्या पानांतून येतो, त्याची मालकी विनंतीकडे. मर्यादा ३० सेकंद केली, लिनक्समध्ये स्कझी डिस्कसाठी मूळची आहे तेवढीच.

एक काम उरलंय. एसटी शून्य केला की सीआय मधले सगळेच स्लॉट (एकेका कमांडच्या जागा) पुसले जातात. सध्या मी एकच स्लॉट वापरते म्हणून निभावतंय. एनसीक्यू (डिस्कला एकाच वेळी अनेक कमांड देण्याची सोय) चालू करण्याआधी अर्धवट राहिलेल्या कमांडची यादी ठेवून त्या पुन्हा पाठवाव्या लागतील. तो कोड लिहायला घेतलाय.