निघोजचे रांजणखळगे: नदी आटल्यावर जा, काठापासून बघत जा

निघोजला जायचं ते पावसाळा सरल्यावर. पूर असतो तेव्हा कुकडी नदीचं कातळ कोरायचं काम जोरात चालू असतं, पण ते दिसत नाही. रांजणखळगे, म्हणजे नदीने कातळात कोरलेले रांजणासारखे खड्डे, बुडालेले आणि वर नुसता गढूळ लोंढा. आम्ही जानेवारीत गेलो. पाणी मधल्या घळीपुरतं उरलं होतं आणि दोन्ही बाजूंचा काळा कातळ पूर्ण उघडा.

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूर आणि तिथून निघोज, साधारण ९० किलोमीटर. वाघोली आणि शिक्रापूरची कोंडी टाळायची असेल तर उजाडायच्या आत निघा. गावात पोचलात की ‘कुंडावर जायचंय’ एवढं म्हणा, कोणीही रस्ता दाखवतं. नदीच्या अलीकडे पारनेर तालुका, पलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. काठावर मळगंगा देवीचं मंदिर आहे. चैत्रात यात्रा भरते, तेव्हा दर्शनाला जरूर जा, पण खडक निवांत बघायचा असेल तर ते दिवस सोडा.

बहुतेक लोक आल्या आल्या झुलत्या पुलावर जातात, फोटो काढतात आणि परततात. माझं सांगणं असं की पूल शेवटी ठेवा. आधी काठाच्या बाजूचा, घळीपासून लांबचा कातळ बघा. तिथे बशीएवढे, परातीएवढे उथळ खोलगे दिसतात. ही सुरुवात. खडकात एखादी भेग किंवा ठिसूळ जागा असते, पुराच्या पाण्याचा तिथे भोवरा होतो, त्यात दगड अडकतो आणि गरगरत तळ घासत राहतो. तो झिजून संपला की पुढचा पूर दुसरा आणून टाकतो.

मंदिराच्या खालच्या अंगाला कंबरभर खोलीचा एक कोरडा खळगा होता. तळाशी वाळू आणि मुठीएवढे पाच-सहा गोटे, एकालाही कोपरा उरलेला नाही. पालथं पडून आत हात घातला. भिंत गुळगुळीत, पण बोटांना आडव्या वळ्या लागत होत्या, गोटा ज्या दिशेने फिरला त्या दिशेच्या. तोंडापेक्षा पोट रुंद. म्हणूनच कडेवर उभं राहू नका: वरून भक्कम दिसणारी कड खालून पोखरलेली असते. आणि हे गोटे घरी आणू नका. ती नदीची हत्यारं आहेत, पुढच्या पुरात तिला लागणार आहेत.

आता घळीकडे सरका. शेजारशेजारच्या खळग्यांमधली भिंत झिजून पातळ झालेली, कुठे तिला आरपार भोक पडलेलं, कुठे ती कोसळून दोनाचा एक झालेला दिसेल. असे खळगे एकमेकांना मिळत गेले आणि त्यातूनच मधली खोल, अरुंद घळ झाली. हे ध्यानात ठेवून मग पुलावर जा. खालच्या घळीच्या भिंतींत जुन्या खळग्यांचे अर्धगोल कापे ओळखू येतात. मी तर तिथून हललोच नाही बराच वेळ. हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, दख्खनच्या पठाराचाच भाग. सुरी बोथट व्हावी असा खडक, आणि पाण्याने नि गोट्यांनी तो असा कापला आहे.

निघायच्या आधी गावात कोणाला तरी फोन करून नदीला पाणी सोडलंय का ते विचारा. वर येडगावसारखी धरणं आहेत. पाणी सोडलेलं असलं तर उन्हाळ्यातही खालचे खळगे बुडतात. घळीत पोहायला मुळीच उतरू नका. भिंती सरळ आणि निसरड्या, बाहेर पडायला धरायला काही नाही. लहान मुलांचा हात सोडू नका. पकड असलेले बूट घाला. अकरानंतर कातळ तापतो, सावली फक्त मंदिरापाशी, म्हणून पाणी भरपूर घ्या. हाताशी वेळ असेल तर पूल ओलांडून टाकळी हाजीच्या बाजूनेही बघा. सकाळचं ऊन घळीत शिरलं की कापे तिकडून जास्त स्पष्ट दिसतात.