तुम्ही विचारलंत म्हणून : हल्ली थिएटरात का दिसत नाही?

"काकू, तुम्ही तर शुक्रवार चुकवायच्या नाहीत. आता थिएटरला का जात नाही?" शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा विचारतो, लग्नात भेटलेल्या मैत्रिणी विचारतात, ज्यांच्याबरोबर मी एकेकाळी पुण्यात अलका टॉकीजला इंग्लिश आणि विजय टॉकीजला मराठी सिनेमे बघितले त्या नणंदाही विचारतात. विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं : तिकिटं महाग झाली, ओटीटीवर सगळं येतं, वयाने गुडघे दुखतात. यातलं गुडघ्यांचं तर अजिबात खरं नाही. हल्लीच्या रिक्लायनरवर माझ्या गुडघ्यांना जे सुख मिळतं ते घरच्या सोफ्यावर नाही.

मी अगदीच जात नाही असंही नाही. पण 'चला, काहीतरी लागलं असेलच' म्हणून उठून जायचे, ते थांबलं. आता चौकशी करून, बेत आखून जाते, आणि अर्ध्या वेळा तो बेत घरीच मोडते. कारण एकच. पिक्चर नीट दाखवणं हे त्या सगळ्या चकचकीत इमारतीत कोणाचंच काम उरलेलं नाही.

पैशांचं आधी उरकून टाकते, कारण ते काढल्याशिवाय कोणी पुढचं ऐकून घेत नाही. महाग आहेच. 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी बदलला तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर पाच टक्के झाला, त्यावरच्या तिकिटांना अठरा टक्के तसाच राहिला. आता पुण्यातल्या मॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी शंभरात बसणारं तिकीट मला कोणी शोधून द्यावं. ऑनलाइन काढलं तर वर कन्व्हिनियन्स फी. स्वस्त केलं तर लोक येतात, हे त्यांनाही माहीत आहे. 23 सप्टेंबर 2022 ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभर 75 रुपयांत तिकिटं दिली, तर मल्टिप्लेक्स संघटनेच्याच आकड्यानुसार एका दिवसात 65 लाख लोक आले. दुसऱ्या दिवशी दर होते तिथे गेले.

पॉपकॉर्न सोन्याच्या भावाने का, याचं उत्तर मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं थांबते. 2009 साली हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं वाट्यावरून भांडण झालं. एप्रिलपासून जूनपर्यंत मोठे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत. तडजोड झाली ती अशी : पहिल्या आठवड्यात तिकिटाच्या निव्वळ उत्पन्नातला 50 टक्के वाटा वितरकाचा, दुसऱ्या आठवड्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि नंतर 30. म्हणजे सिनेमा ऐन भरात असतो तेव्हा थिएटरच्या हाती तिकिटाचे निम्मेच पैसे राहतात. समोशात मात्र कोणाचाच वाटा नाही. एवढं लक्षात घेतलं की बाकीचं बरंच उलगडतं. इंटरव्हल वीस मिनिटांचा का होतो, अंधारात सीटपर्यंत नाचोज घेऊन येणारा मुलगा आपल्या आणि पडद्याच्या मध्ये वाकून "सर, केचप?" असं का विचारतो, आणि लॉबीत काउंटरवर सहा माणसं असताना आत दारापाशी एकही का नसतो.

बाहेरचे पदार्थ नेऊ न देण्यावरून आपल्याकडे 2018 मध्ये आंदोलनं झाली, विधान परिषदेत मंत्र्यांनी आश्वासनही दिलं. शेवटी 3 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं की थिएटर ही मालकाची खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं अडवायचा त्याला हक्क आहे. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी तेव्हा जिलेबीचं उदाहरण दिलं होतं : कोणी जिलेबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर ती साफ कोणी करायची? जिलेबीबाबत मी न्यायालयाच्या बाजूने आहे. पण त्याच निकालात हेही आहे की पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं, आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांना खाणं आत नेऊ द्यायला हवं. काउंटरवर पाणी मागून बघा. आधी बाटलीकडे बोट जातं. दुसऱ्यांदा मागितलं की स्वच्छतागृहाच्या बाजूचा कूलर सापडतो. तिसऱ्यांदा ग्लास.

जाहिरातींचं म्हणाल तर तिकिटावरची वेळ ही आता सिनेमाची नसून टूथपेस्टची असते. बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने यावर थेट ग्राहक आयोगात धाव घेतली. 2023 च्या डिसेंबरातला 4.05 चा शो, सिनेमा सुरू झाला 4.30 ला. सरकारी संदेश दाखवणं सक्तीचं असतं, हा थिएटरचा बचाव आयोगाला पटला नाही आणि 2025 च्या फेब्रुवारीत लाखावर रुपयांचा भुर्दंड बसला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. माझी मैत्रीण म्हणते, आपण वीस मिनिटं उशिराच जायचं. जाऊन पाहिलं. मग अंधारात मोबाइलचा टॉर्च मारत आपली सीट शोधणारे आपणच असतो.

हे सगळं मी अजूनही सोसते. ज्यासाठी बेत मोडते ते पुढे.

आमच्या लहानपणी ऑपरेटर नावाचा माणूस होता. त्याचं तोंड कोणी पाहिलेलं नसायचं, पण तो आहे हे पाचशे माणसांना माहीत असायचं. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं, मग शेजारच्या मशीनवर उडी. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. आम्ही भावंडं तो ठिपका टिपायची पैज लावायचो. प्रोजेक्टरमधली उजेड देणारी कार्बनची कांडी जळून चित्र लालसर पडलं, फोकस हलला, कोणाचं डोकं अर्धं कापलं गेलं की पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त रांगांतून, शिट्टी जायची, पाठोपाठ ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार, आणि अर्ध्या मिनिटात चित्र जागेवर. तक्रार निवारणाची इतकी जलद यंत्रणा मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

आता केबिनमध्ये कोणी नसतं. सिनेमा फाइल होऊन येतो, सर्व्हरवर चढतो, जाहिराती, ट्रेलर, इंटरव्हल यांची यादी लावून ठेवलेली असते. दिवे कधी मंद करायचे तेही त्या यादीतच. यादीत चूक असेल तर पहिला अर्धा सिनेमा तुम्ही बाजूच्या भिंतीवरच्या पिवळ्या दिव्यांच्या उजेडात बघता. मी बाहेर गेले, युनिफॉर्ममधला मुलगा सापडला. त्याने आत डोकावून पडद्याकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलंच नाही, आणि म्हणाला, "मॅडम, पिक्चरच तसा आहे." दिव्यांकडे बोट दाखवल्यावर म्हणाला, "ते सिस्टीमवर आहे, आपल्या हातात नाही." मुलगा गुणी होता, खोटंही बोलत नव्हता. त्याला पॉपकॉर्नचं मशीन शिकवलं होतं, पडद्याचं कोणी काही शिकवलंच नव्हतं.

पडद्याचीही एक गंमत आहे. आपले बहुतेक मोठे सिनेमे स्कोपमध्ये असतात, म्हणजे उंचीच्या सुमारे 2.39 पट रुंद. काही सिनेमे 1.85 पटीचे. जुन्या थिएटरात स्कोप सुरू व्हायचा तेव्हा दोन्ही बाजूंचे काळे पडदे सरकत मागे जायचे आणि चित्र रुंदावायचं. त्या सरकण्यालाच टाळ्या पडायच्या. कितीतरी नव्या स्क्रीनना हे पडदे नाहीतच. 1.85 चा चौकोन ठरलेला, स्कोप आला की तो वरखाली पट्ट्या टाकून त्यातच कोंबायचा. म्हणजे जो सिनेमा मोठा दिसावा म्हणून रुंद काढला, तो नेमका लहान दिसतो. त्या पट्ट्या काळ्याही नसतात, प्रोजेक्टरच्या गळक्या उजेडाने राखाडी दिसतात. रात्रीचा प्रसंग असला की चित्र कुठे संपलं आणि पट्टी कुठे सुरू झाली कळत नाही.

उजेडाचं तर विचारूच नका. डिजिटल सिनेमाच्या मानकाप्रमाणे पडद्यावर 14 फूट-लँबर्ट (हे पडद्यावरच्या उजेडाचं माप) प्रकाश पडायला हवा. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा जुना होत जातो तसा तो मंदावतो, आणि नवा महाग असतो. त्यात थ्रीडीसाठी लेन्सपुढे लावलेली काच साध्या शोलाही तशीच राहिली, तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच अडतो. मग प्रेक्षक घरी येऊन म्हणतात, हल्लीचे कॅमेरामन फार अंधारात शूटिंग करतात. काही करतातही. पण तोच सिनेमा दोन महिन्यांनी घरच्या टीव्हीवर लावला आणि नायिकेच्या साडीचा रंग तेव्हा पहिल्यांदा समजला, असं झालं की मी कोणाला दोष द्यायचा? आवाजाचंही तेच. सिनेमाच्या आवाजाचं मिश्रण करणारा माणूस फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, सातवर धरून आवाज बसवतो. जाहिराती कानठळ्या बसवतात म्हणून कोणीतरी तक्रार करतं, थिएटर फेडर पाचवर आणतं, जाहिराती सुसह्य होतात आणि सिनेमातली कुजबुज कायमची जाते. शेजारच्या स्क्रीनमधले स्फोट मात्र भिंतीतून व्यवस्थित ऐकू येतात.

लोक म्हणतात, खरा त्रास प्रेक्षकांचा. मला शिट्ट्या चालतात, रडणारं बाळ चालतं, नायकाच्या एण्ट्रीला उडवलेले कागदाचे कपटे तर हवेच असतात. स्टेटसला टाकायला पडद्याचंच शूटिंग करणारा पुढच्या रांगेतला हात मात्र चालत नाही. पण त्याला अडवायला पूर्वी बॅटरीवाला डोअरकीपर होता. तोही काउंटरकडे वळवला गेला असावा.

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये, हे नीट ऐका. जुन्या थिएटरात ढेकूण होते, मुतारीचा वास थेट अप्पर स्टॉलपर्यंत यायचा, तिकीट ब्लॅकवाल्याकडूनच मिळायचं. बाल्कनीतच बसायचं ही आमच्या घरची अट होती, आणि ती हौसेची नव्हती. मागच्या रांगेतून पुढे सरकणारे हात आणि पाय प्रत्येक मुलीला माहीत होते. मल्टिप्लेक्सने मला एकटीने रात्रीचा शो बघू दिला. त्यासाठी मी पॉपकॉर्नचेही पैसे देईन. फक्त आत गेल्यावर सिनेमा दिसावा.

आणि मराठी सिनेमा मुळात लागलेला असावा. 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवणं सक्तीचं करायचं ठरलं, तेव्हा आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं होतं. चर्चा होऊन दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. लेखिका शोभा डे यांनी त्यावर पॉपकॉर्नऐवजी दही मिसळ आणि वडापावची थट्टा केली आणि शिवसैनिक वडापाव, मिसळ घेऊन त्यांच्या दारात गेले, तेवढंच लोकांच्या लक्षात आहे. प्रत्यक्षात माझ्या ॲपवर मराठीचा शो दिसतो तो सकाळी सव्वानऊचा किंवा रात्री पावणेअकराचा. 2023 मध्ये 'टीडीएम' या मराठी सिनेमाला शो मिळेनात म्हणून कलाकार प्रेक्षकांसमोर रडले, सिनेमा मागे घेऊन जूनमध्ये पुन्हा प्रदर्शित करावा लागला. आमच्यासारख्यांनी सव्वानऊचं तिकीट काढलं तर आदल्या रात्री निरोप येतो : शो रद्द, पैसे सात दिवसांत परत. त्यानंतर कोणीतरी मुलाखतीत सांगतं की मराठी प्रेक्षकच थिएटरात येत नाही. मी आंघोळ करून, डबा भरून तयार होते हो.

तर आता मी काय करते ते सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल. कोणत्या स्क्रीनला बाजूचे पडदे सरकतात हे एकदा बघून ठेवलं आहे, तीच स्क्रीन असेल तर तिकीट काढते. थ्रीडी शोच्या मागोमागचा साधा शो टाळते. मंगळवार-बुधवारची दुपार बघते. दिवे, फोकस, आवाज काहीही बिघडलेलं दिसलं तर पहिल्या पाच मिनिटांत उठते, पॉपकॉर्नवाल्याशी वाद घालत नाही, थेट "ड्यूटी मॅनेजरला बोलवा" म्हणते. हे दोन शब्द उच्चारले की कुठूनतरी टाय लावलेला माणूस येतो आणि बऱ्याचदा त्याच्या टॅबवर दोन बोटं फिरवून ते नीटही करतो. इंटरव्हलनंतर गेलात तर तो काही करत नाही. फार तर पुढच्या वेळचा फुकट पास देतो, आणि तो पास शुक्रवार ते रविवार चालत नाही.