दोन्ही रिपोर्ट नॉर्मल

खडी क्रशरवर काम करणारे ५२ वर्षांचे काका पीएफटीला, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीला आले. उंची १६५ सेंटिमीटर, तक्रार एकच: चढ लागला की धाप लागते. मशीन सकाळीच ३ लिटरच्या सिरिंजने तपासलेलं, फरक ३ टक्क्यांच्या आत. नाकाला क्लिप, माउथपीसभोवती ओठ घट्ट. "काका, छाती भरून श्वास घ्या. आता फुंका, जोरात, अजून, सोडू नका!" बहुतेकांचं इथंच बिघडतं. पहिला झटका जोरात देतात आणि तिसऱ्या सेकंदाला थांबतात. मग एफव्हीसी, म्हणजे छाती भरून घेतलेल्या श्वासातून जोरात फुंकून बाहेर काढलेली एकूण हवा, खोटाच कमी येतो. काकांनी तीन स्वच्छ प्रयत्न दिले, त्यातले मोठे दोन एकमेकांपासून १५० मिलिलिटरच्या आत. एफव्हीसी २.९५ लिटर.

मशीनने छापलं: अपेक्षेच्या ८१ टक्के, नॉर्मल.

वंशाच्या रकान्यात 'इंडियन' होतं. ते निवडलं की हे मशीन त्याच वयाच्या आणि उंचीच्या गोऱ्या पुरुषाच्या अपेक्षित ४.०५ लिटरला ०.९ने गुणतं. ती कपात काढली तर तेच २.९५ लिटर ७३ टक्के ठरतात, म्हणजे नॉर्मलच्या खाली.

फुंकायचं हे मशीन, म्हणजे स्पायरोमीटर, लंडनच्या जॉन हचिन्सनचा, १८४६मध्ये जगापुढे आलेला. पाचच वर्षांत अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने काळ्या गुलामांच्या फुफ्फुसांची क्षमता गोऱ्यांपेक्षा २० टक्के कमी असल्याचं लिहिलं आणि सक्तीची मजुरी त्यांना मानवते असा निष्कर्ष काढला. वंशानुसार कपात करायची ही कल्पना तिथून पुढे सरकत आमच्या सॉफ्टवेअरपर्यंत आली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३मध्ये वंश न पाहता अर्थ लावायला सांगितलं. जुन्या मशीनला ते कोण सांगणार?

पण नुसतं बटण बंद करूनही भागत नाही. आपल्याकडे सरासरी खरोखर कमी येते. त्यात बालपणीचं पोषण, चुलीचा धूर, धडाची ठेवण सगळं आलं. कपात काढली की कित्येक धडधाकट माणसं आजारी ठरतील. अपेक्षित आकड्यांच्या जीएलआय २०१२ या जागतिक तक्त्यात तर भारतीय उपखंडाला स्वतंत्र गटच नाही.

काकांच्या पिशवीत चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट निघाला. ३.४५ लिटर, ९१ टक्के, नॉर्मल. वयामुळे वर्षाला २५-३० मिलिलिटर जातात. इथे चार वर्षांत अर्धा लिटर गेला होता आणि दोन्ही कागद नॉर्मल म्हणत होते! टक्केवारीखाली दोन्ही लिटर हाताने लिहून दिले. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो त्याची तपासणी, सांगितली. भरपाईसाठी काकांनी आणलेल्या फॉर्मवर मात्र टक्क्यांचाच रकाना आहे, लिटर लिहायला जागा नाही.